काचेच्या झाकणाबाहेर

रविवार, ४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी पोचलं, खुशाली कळली. मी ठीक आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण तोही माझ्याच वयाचा, त्याला एकट्याला काय बोलायचं?

फोन का करत नाहीस म्हणून रागावला आहेस. अरे, फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. पत्रात मधेच 'हो हो, कळलं' म्हणून तोडता येत नाही. शिवाय शाळेतल्या सिस्टरांनी पट्टीने बोटं शेकून घोटवून घेतलेलं माझं अक्षर आता किराण्याच्या यादीपुरतंच उरलंय. त्यालाही जरा पाय मोकळे करू देत.

तुझी लेक आणि नात मुंगी माझ्याकडे दोन दिवस राहून परवा परतल्या. लेकीने तुला सांगितलं असेलच, पण तुझी लेक तार पाठवल्यासारखी बोलते, म्हणून मी नीट लिहिते. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई चांगल्या निघाल्या. मुलांना घाई करत नाहीत. मुंगीच्या डोळ्यांत थेंब घातल्यावर तिला बराच वेळ सगळं धूसर दिसत होतं. "आत्याआजी, कुणीतरी सगळीकडे दूध सांडलंय," म्हणाली. मग चित्रांचा तक्ता झाला, मग तो काचा बदलायचा जड चष्मा आला. तो नाकावर ठेवून आरशात स्वतःला बघत बसली, उतरवू देईना. दोन्ही डोळ्यांना लांबचं दिसत नाही. डावा उजव्यापेक्षा बराच अधू, आणि त्याने तर काम करायचंच सोडून दिलंय. म्हणून चष्मा कायमचा, आणि रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला नाइलाजाने उठावं लागेल. पट्टीची वेळ शाळेतून आल्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंत. त्या वेळात ती तुझ्याकडे असते, तेव्हा हे काम तुझ्या अंगावर. ती रडेल. तू विरघळशील. विरघळू नकोस. आणि रोज उजेडात बाहेर खेळायला न्यायचं, असंही बाईंनी बजावलंय.

आता तुझ्या पत्राकडे वळते. 'पोरगी तुझ्यावर गेली, धाकटी ढापणी' असं लिहून पुढे उद्गारचिन्हांचं कुंपण घातलं आहेस. तुला बोलता यायला लागल्यापासून तू मला ढापणी म्हणत आलास. त्या नावाला मी आजवर एकदाही ओ दिलेली नाही, आणि पोरीलाही देऊ देणार नाही.

पण आपण सगळे काय शहाणे रे! दोन वर्षांची असल्यापासून पोरगी हाती लागेल ते डोळ्याशी नेऊन, डावा डोळा मिटून बघायची. बटण, चमचा, बिस्किटाचा तुकडा. दुसऱ्या एखाद्या घरात आईबापांनी डॉक्टर गाठला असता. आपण टाळ्या पिटल्या. "बघा, रक्तातच आहे! भिंगाशिवाय भिंग लावते!" तू तर गिऱ्हाइकांना थांबवून थांबवून दाखवायचास, आणि तेही बिचारे कौतुक करायचे. घड्याळजीच्या घरात एक डोळा मिटून बघणारं मूल म्हणजे दुसरं काय वाटणार? जमिनीला नाक लावून मुंग्यांची रांग बघायची, म्हणून हे नावही तूच ठेवलंस.

आणि ती काट्यांची गंमत! तुझ्या लेकीने सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले. शाळेतल्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून विचारलं, किती वाजले सांग. ही म्हणाली, "ह्याला काटेच नाहीत." घरी येऊन तुला तेच सांगितलं. आणि तू, जन्मभर घड्याळांची पोटं उघडणारा माझा भाऊ, काड्यापेटीत दोन काटे घालून तिच्या दप्तरात ठेवलेस, आणि निरोप दिलास, "बाईंना सांग, बसवायला आजोबा येतील, शिडी तयार ठेवा." बाईंनी काड्यापेटी उघडली, घड्याळाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि त्याच दुपारी तुझ्या लेकीला बोलावून घेतलं. तुझे काटे बसले म्हणायचे, फक्त भलत्या ठिकाणी.

पाळण्याच्या कड्यांना तेल घातलंस आणि दांड्यांना रंग दिलास, हे वाचलं. लेकीचं दुसरं बाळ यायला अजून अवकाश आहे, पण तुझी घाई मला माहीत आहे. खरं सांगायचं तर त्याबद्दलच लिहायला बसले होते, आणि दोन पानं इकडचं तिकडचं लिहून झालं.

तर ऐक. तुझी लेक नव्या बाळाला दिवसा तुझ्याकडे ठेवायचं नाही म्हणते. तिच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर आहे, तिथे तिने नाव घातलंय. मुंगीलाही शाळा सुटल्यावर तिकडेच न्यायचं तिच्या मनात आहे. मला म्हणाली, "आत्या, तूच लिही बाबांना. मी बोलायला गेले की मला रडू येतं, आणि मला रडू आलं की ते चिडतात."

जिना उभा आहे, तुझी पाठ धरते, वहिनी गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही, दोन मुलं एकट्याला झेपायची नाहीत. ही सगळी कारणं खरी आहेत.

नाव घातलंय म्हणजे पक्कं झालंय असं नाही. तेव्हा लगेच तिच्यावर डाफरू नकोस. तुझं ते कामाचं टेबल खिडकीपासून हलवता येईल का, तेवढं मला कळव.

तुझी,
ताई

ता. क. हल्ली दिवसाला किती सिगारेटी होतात? सहज विचारलं.

---

शनिवार, १७ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तू रागावला असलास तरी आशीर्वाद आहेतच.

तुझं पत्र म्हणजे चार ओळींचा दणका. 'माझी नातवंडं परक्याच्या दारात? टेबल हलणार नाही, उजेड तिथेच येतो. आणि सहज कसलं? तू जन्मात कधी सहज काही विचारलेलं नाहीस. खिडकी उघडी असते.'

शेवटचं वाक्य वाचलं आणि मला कळलं की तुला कळलंय. मग आता आडून आडून कशाला लिहू?

डॉक्टरबाईंनी तपासणी झाल्यावर प्रश्न विचारायला घेतले. मूल वेळेवर झालं का, वजन किती होतं, घरात चष्मा कोणाला आहे. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. मग कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरात कोणी सिगारेट ओढतं का? ही तान्ही असताना?"

तुझी लेक पर्सचा पट्टा पिळत बसली. उत्तर मुंगीने दिलं.

"आजोबा ओढतात. पण आधी घड्याळावर झाकण ठेवतात."

"कसलं झाकण?"

"काचेचं. घड्याळाच्या पोटात राख गेली तर ते आजारी पडतं."

"अरे वा, हुशार आहेत की आजोबा! आणि तू कुठे असतेस तेव्हा?"

"तिथेच. टेबलापाशी." मग थोडा विचार करून म्हणाली, "मी त्यात मावत नाही."

एरवी अशा बोलण्यावर आपण आठवडाभर हसलो असतो. त्या खोलीत कोणी हसलं नाही.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. बाईंनी दोष कोणालाच दिला नाही. बाहेर आल्यावर मुंगीला तिच्या आईकडे सोपवून मी पुन्हा आत गेले आणि स्पष्ट विचारलं, "हे धुरामुळे झालं का?" त्या म्हणाल्या, "ह्या एका मुलीचं मी छातीठोक सांगू शकत नाही. घराण्यातूनही येतं, उजेडात कमी खेळल्यानेही होतं. पण ज्या मुलांच्या घरात धूर असतो त्यांच्यात डोळे लवकर आणि जास्त बिघडलेले दिसतात, असं अभ्यास करणारे सांगतात. मूल जितकं लहान तितकं हे जास्त दिसतं. कसं होतं ते अजून नीट उलगडलेलं नाही. पण आजी, पुढचं बाळ येतंय ना? मग उलगडायची वाट कशाला बघायची?"

मला हे पटलं. तुझ्या लेकीला तर आधीच पटलं होतं. ती परतताना गाडीची वाट बघत असताना एवढंच म्हणाली, "बाबांनी मुंगीला जितकं जपलं तितकं मीसुद्धा नाही जपलं. म्हणून तर काही बोलता येत नाही." ती तुझ्यावर रागावलेली नाही, धाकट्या. रागावली असती तर तुझ्याशी भांडली असती आणि एव्हाना मिटलंही असतं.

तू लिहिलंस, खिडकी उघडी असते. मी त्या खिडकीचा खूप विचार केला. टेबल खिडकीशी, कारण उजेड हवा. सिगारेट खिडकीशी, कारण धूर बाहेर जावा. आणि पाळणाही खिडकीशी, कारण बाळाला हवा लागावी, तुझ्या नजरेसमोर राहावं, एका पायाने झोका देता यावा. तिन्ही गोष्टी चांगल्या मनाने केलेल्या, आणि तिन्ही एकाच खिडकीशी. त्या खिडकीतून वारा आत येतो. पडदा सदा खोलीत फुगलेला असतो, हे आपण लहानपणापासून बघतोय. मग धूर बाहेर कसा जाईल, हा प्रश्न आपल्या घरात कोणालाच कसा पडला नाही? आणि पोट उघडून ठेवलेल्या घड्याळाची काळजी मात्र बाबांपासून सगळ्यांना होती.

बाबांचं नाव आलंच आहे तर तेही लिहिते. तू त्याच टेबलावर बसतोस, त्याच खिडकीशी. माझा पाळणा तिथेच होता. तुझा नव्हता, हे तू विसरतोस. तुझ्या वेळी आई आजारी पडली आणि मावशीने तुला तान्हा असतानाच उचलून नेलं. तिच्याकडे सिगारेटचा वाससुद्धा चालत नसे. तू परत आलास तेव्हा चांगला पळत होतास, आणि मावशीच्या नावाने भोकाड पसरत होतास. तुझे डोळे आजही सुईत दोरा ओवतात. माझे लहानपणापासूनच असे अधू.

दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, हे मला माहीत आहे. गणिताच्या सिस्टर असं उत्तर काढणाऱ्याला वहीसकट वर्गाबाहेर उभं करायच्या. तेव्हा मी काही सिद्ध करत नाही. आणि बाबांवर तर अजिबात बोट ठेवत नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं? माझ्यासाठी तर तो वास म्हणजेच बाबा होते. तंबाखू, मशीनचं तेल आणि पितळ. शाळेतून आल्यावर जिन्यातच तो वास आला की समजायचं, बाबा घरात आहेत, आता काही भिण्याचं कारण नाही. गजराच्या जुन्या घड्याळाची पाठ कापून त्यांनी बनवलेली ती पितळी रक्षापात्री, काठाला कानशीने पाडलेली खाच, तिच्यात टेकवलेली सिगारेट, आणि सरळ वर जाऊन खिडकीशी पोचताच आत वळणारी ती निळी रेघ. आजही कुठे तो वास आला तर मी थांबते. लाज वाटते सांगायला, पण एकदा रस्त्यात एका अनोळखी म्हाताऱ्याच्या मागे मी कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते.

म्हणूनच मला हे लिहायला इतका वेळ लागला. ज्या धुराची मला आठवण येते, तोच धूर घराबाहेर काढ म्हणून तुला सांगायचं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी तुला कधी सांगितलेली नाही. बहुतेक स्वतःलाही नाही.

तू त्याच पत्राच्या समासात जाता जाता लिहिलं आहेस, 'आता तिचं टेबलाचं खूळ पुरे. स्टूल माळ्यावर टाकलं. चष्मा लागला म्हणजे ह्या धंद्यात संपलं. चित्रांच्या वर्गाला घाला.' मी ते वाक्य वाचलं, कागद घडी करून ठेवला, चहा केला, आणि चहा तसाच गार झाला.

ते स्टूल माझं होतं, धाकट्या. तू यायच्या आधीपासून. बाबा मला शेजारी बसवून गजराचं मोठं घड्याळ उघडायला द्यायचे. आधी स्प्रिंग उतरवायची, मग चाकांवरची पट्टी, म्हणजे पूल, काढायचा, मग एकेक चाक ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने बशीत मांडायचं. मला ते जोडताही यायचं. एकदा मी जोडलेलं घड्याळ टिकटिक करायला लागलं तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "हे आमच्या बाईंनी दुरुस्त केलंय." आमच्या बाई! मी आठवडाभर जमिनीवरून चालले नाही.

मग शाळेत सिस्टरांच्या लक्षात आलं की मला फळा दिसत नाही. चष्मा लागला, तोही पहिल्याच फटक्यात जाड भिंगांचा. बाबांनी तो माझ्या डोळ्यांवरून काढून आपल्या डोळ्यांशी धरून बघितला, परत माझ्या नाकावर ठेवला, आणि अगदी मायेने म्हणाले, "पोरी, हा धंदा डोळ्यांचा आहे." दुसऱ्या दिवशी स्टूल स्वयंपाकघरात गेलं. आई त्यावर चढून वरचे डबे काढायची. पुढे तू मोठा झालास तेव्हा ते परत टेबलापाशी आलं, आणि तू त्यावर बसलास.

मी आयुष्यभर ऑफिसात टाइपरायटर बडवला. त्यात मी चांगली होते. बोटांकडे न बघता टाइप करायचं असतं, त्याला डोळे लागत नाहीत. मी सुखी नव्हते असं नाही. तुझा हेवा केला असंही नाही. केला असेल तर थोडा, आणि तोही फक्त तू सुट्टीत टेबलापाशी बसून कंटाळल्याचं नाटक करायचास तेव्हा. पण तुझ्याकडे आले की मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसते, टेबलाच्या ह्या बाजूला. तुझ्या कधी ध्यानात आलं नसेल.

तेव्हा आता माझं म्हणणं दोन वाक्यांत. घरात धूर नको. खिडकीशी नको, जिन्यात नको, 'मुलं नसताना' नको, कारण तो पडद्यांत आणि गाद्यांत बसून मुलांची वाट बघतो. आणि मुंगीला टेबलावरून उठवू नकोस. तू स्वतः जन्मभर डोळ्याला भिंग लावून काम केलंस. तिला चष्म्यावर भिंग लावता येणार नाही असं कोणी सांगितलं? बाबांनी विचारून बघितलं नाही. तू डॉक्टरबाईंना विचार. मी विचारलंय, पण तू विचार.

तुला सोडता येत नाही हे मला माहीत आहे. वहिनी गेल्यावर तू त्या टेबलापाशी कसा बसून असायचास ते मी बघितलंय. मी सोड म्हणत नाही, म्हणायचा मला अधिकार नाही. खाली रस्त्यावर जा, एवढंच म्हणते.

नाहीतर बाळ पाळणाघरात वाढेल. तिथेही ते चांगलंच वाढेल, हे लक्षात ठेव. तू मात्र रंग दिलेल्या रिकाम्या पाळण्याशेजारी बसून राहशील, आणि ते मला बघवणार नाही.

तुझी,
ताई

---

रविवार, १० मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद. तीन आठवडे तुझं अक्षर दिसलं नाही, तेव्हा म्हटलं, गेला हा भाऊ हातचा. काल पोस्टमनने जड डबा हातात दिला. आत वर्तमानपत्र, त्याच्या आत आणखी वर्तमानपत्र, त्याच्या आत तुझा एक फाटका बनियन, आणि त्यात बाबांची पितळी रक्षापात्री. पत्र नाही. चिठ्ठी नाही. मी बनियनसुद्धा उलटा करून बघितला.

तिला अजून वास आहे. मी ती नाकाशी धरून खिडकीपाशी उभी राहिले, आणि थोडा वेळ बाबा खोलीत होते. मग मी तिला चिंचेने, मग साबणाने घासली. घासताना रडले नाही, कारण खाचेतली काजळी निघता निघत नव्हती आणि सगळं लक्ष तिकडे लागलं होतं.

तू लिहीत नसलास तरी मला बातम्या लागतात. तुझी लेक आता फोनवर पूर्ण वाक्यांत बोलायला लागली आहे. कोपऱ्यावरच्या फळवाल्याने तुला थंडीत कानटोपी घालून उभा बघितला आणि विचारलं म्हणे, "काय घड्याळजी, घरातून हाकललं की काय?" आणि तू म्हणालास, "हो. नातीने." त्यावर तो म्हणाला, "मग तिथे अपील चालत नाही." त्याला माझ्याकडून शाबासकी दे.

पडदे धुतलेस तेव्हा पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघालं, आणि दुसरंही तसंच. तू बादलीकडे बघत किती तरी वेळ उकिडवा बसून होतास, हे मला मुंगीने सांगितलं. "आजोबा पाण्यात घड्याळ शोधत होते," म्हणाली. भिंत खरवडून रंग दिलास, गादी नवी भरून घेतलीस. वर येताना अंगातला सदरा बदलतोस, हात धुतोस. दिवसाच्या सिगारेटी निम्म्या झाल्या आहेत, कारण त्या जिन्याने तुला दर खेपेला चढवून-उतरवून दमवलंय. जिना उभा आहे ह्याचा पहिल्यांदाच काही फायदा झाला. मागे मी तेच कारण पुढे केलं होतं, आता आपल्या दोघांनाही त्याचं हसू यायला हरकत नाही.

टेबल मात्र हलवलं नाहीस. बरं केलंस. उजेड तिथेच येतो.

आता मुख्य. तुझी लेक गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून न कळवता तुझ्याकडे आली होती, तेव्हाचं तिने मला सांगितलं. ती आधी पाळण्याशी गेली आणि आत वाकून, दूध नासलं की काय बघावं तसा गादीचा वास घेतला. मग पडद्याचा. मग तुझ्या खुर्चीच्या पाठीवरच्या कोटाचा. तू टेबलाशी पाठमोरा बसून एका घड्याळात चिमटा घालून बसला होतास, आणि ती म्हणते, तुझा हात हलत नव्हता. मुंगी शेजारी स्टुलावर. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यावर चष्मा, चष्म्यावर तुझं भिंग दोऱ्याने बांधलेलं, पुढ्यात गजराचं मोठं घड्याळ पोट उघडून. काम चाललेलं असताना तिने आईकडे मान वळवली नाही. "आई, बोलू नकोस, स्प्रिंग उतरवतेय," म्हणाली.

आणि कोणी सिगारेट ओढत नसताना काचेचं झाकण कशावर होतं? मुंगीच्या बिस्किटांवर. माश्या बसू नयेत म्हणून.

मग तुझ्या लेकीने विचारलं, "बाबा, पाळणा खिडकीशीच ठेवायचा, की थोडा आत?"

तू म्हणालास, "तू सांगशील तिथे."

तिने ते सांगताना फोन मधेच बंद केला. मग परत केला आणि म्हणाली, पाळणाघरातलं नाव एवढ्यात काढत नाही, पहिले काही महिने बघते. तिला बघू दे. तिच्यावर घाई करू नकोस, आणि मनाला लावून घेऊन खाली जाऊन दोन जास्तीच्या ओढू नकोस. एखाद्या दिवशी चुकून वर ओढलीस तर तिला खरं सांग. पडदा सांगायच्या आधी तू सांगितलेलं बरं.

बाळ झालं की मी येते. महिनाभर तरी राहीन. माझा गुडघा तुझा जिना चढेल, नाही चढला तर जावयांना खुर्ची घेऊन खाली यायला सांग. तोवर एक काम कर. माळ्यावर दुसरं एक बुटकं स्टूल आहे, तिसऱ्या पायाला पट्टी मारलेलं. ते काढून पुसून ठेव. आणि मुंगीला विचार, गजराचं घड्याळ जोडताना एक जादा माणूस चालेल का. माझी बोटं अजून बरी आहेत. चाकं कोणत्या क्रमाने बशीत मांडायची ते मी विसरलेले नाही. परवा झोप येईना तेव्हा पांघरुणावर बोटाने मांडून बघितली, सगळी आठवली.

रक्षापात्री मी उशाशी ठेवली आहे. झोपताना चष्मा काढून तिच्यात ठेवते. खाचेत काडी बरोबर बसते, जशी काही बाबांनी त्यासाठीच पाडली होती.

मुंगीला पापा. लेकीला सांभाळ. स्वतःला, जमेल तसं.

तुझी,
थोरली ढापणी